पुरातली मापं

गवत मोजून मोठी पदवी मिळते, हे शिरोळात अजून कुणाला खरं वाटत नाही. कोल्हापूरची निशा मात्र दीड वर्ष तेच करत होती. कृष्णाकाठच्या दलदलीत मीटरभराचा चौकोन, त्यात पाणकणसाच्या वीस काड्या, एकेकीला नंबराची पट्टी. दर महिन्याला टेप लावायचा, उंची लिहायची आणि दलदल वर्षाला किती पिकते याचं गणित मांडायचं. आमच्या म्हशी हे काम फुकटात करतात.

ऑगस्टात पूर आला. निशा घरीच राहिली आणि भजी खात खात वीसच्या वीस उंच्या मनानंच लिहून मोकळी झाली. वहीत 'सोबत कोण' असा रकाना होता. तिथं ठोकून दिलं, अण्णाप्पा नावाडी. आता तिचे मार्गदर्शक सर म्हणत होते, सोमवारी त्या अण्णाप्पालाच विचारतो. खोटं निघालं की पदवी गेली.

म्हणून सप्टेंबरातल्या टळटळीत दुपारी ती त्याच्या नावेत बसली. नाव कसली, गुऱ्हाळातली उसाचा रस आटवायची जुनी काहील.

"मामा, सरांनी विचारलं तर पुरात आपण मापं घेतली म्हणून सांगाल ना?"

"सांगायचं काय त्यात? घेतलीच की," तंबाखू मळत अण्णाप्पा म्हणाला.

गडी बेरकी निघाला. निशाच्या जिवात जीव आला.

चपला काहिलीत ठेवून ती उतरली. चिखल गार. वारा नाही, बगळा नाही, नुसता कुजका गोडसर वास. तिनं टेप लावला. पहिली काडी, एकशे ब्याऐंशी सेंटिमीटर. वहीत ऑगस्टचा आकडा, एकशे ब्याऐंशी. दुसरी तंतोतंत. तिसरीही. खरं वाटावं म्हणून सातवीपुढं तिनं 'मोडली, एकशे चार' असं लिहिलं होतं. सातवी मोडलेली होती. टेप एकशे चारवर थांबला.

"मामा… त्या दिवशी पाणी किती होतं?"

"दोन पुरुस. काड्या दिसत न्हवत्या."

"मग मापल्या कशा?"

"मला काय इचारताय, बाई? मी वर काहिलीत. तुमी खालनं आकडं सांगत व्हतासा, मी मोठ्यांदा म्हनत व्हतो. ध्यानात ऱ्हावं म्हनून."

"खालून…?"

"तळातनं. बुडबुडं यायचं, पन आकडा साफ कळायचा. वीस झाल्या आन् गप झालासा."

"आणि परत येताना…?"

अण्णाप्पाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"परत कुटं आलासा? लई हाका मारल्या. मग एकलाच आलो की. आज सकाळी तुमचा फोन आला, तवा कुटं हायसं वाटलं."

निशानं तोंडही उघडलं नव्हतं. तरी तिच्याच आवाजात, तिच्या टाचांजवळच्या चिखलातून, सावकाश शब्द आले.

"एकवीस… एकशे अठ्ठावन्न."

"एकवीस, एकशे अठ्ठावन्न," सवयीनं अण्णाप्पा मोठ्यांदा म्हणाला.

अनवाणी निशाची उंची बरोबर तेवढीच होती.