सायकालच्या खिशातली बॅटरी

चुलीत शेणी टाक रे एखादी, आणि तुझी ती नवी बॅटरी माझ्या डोळ्यांवरून हटव. लांब उजेड पडतो म्हणून घेतलीस ना, बेकतूर? लांबचं बघून करायचंय काय? पायाखालचं दिसलं तरी पुरे.

आपली नर्सबाई सायकाल, तिच्या बाबतीत घडलेलं सांगतो. दवाखान्याची गाडी तेव्हा मीच चालवायचो.

आदल्या हिवाळ्यात कुंदुझ नावाची पोर बाळंतपणात गेली. वीज नव्हती, आणि सायकालची स्वस्तातली बॅटरी थंडीनं ऐन वेळी बंद पडली. तिनं चाचपडत पोरीच्या जाकिटाची बटणं ओढून सोडवली. चांदीची होती, आजीच्या वेळची. एक तुटून कुठंतरी उडालं, ते सगळं घर झाडूनही मिळालं नाही. बाळही राहिलं नाही. त्याचं तोंडसुद्धा आईनं पाहिलं नाही. अंधारात कुठलं बघणार?

तेव्हापासून सायकाल जी थकली, ती थकलीच.

शरदात आत-बाशीच्या बाजारात तिच्याबरोबर मी गेलो. दुकानदार एकेक झगझगीत नग पुढं करत होता.

"एजे, ताई, ही घ्या. पार डोंगरावर उजेड जातो!"

"डोंगर काही बाळंत होत नाही, भाऊ. हातमोजा घालून एका हातानं लागणारी दाखव."

मग तिनं बॅटऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिल्या, फरशीवर टाकून पाहिल्या. दुकानदार बोंबलला, "अहो एजे, विकत घेताय की जीव घेताय?" शेवटी अंगठ्याएवढी जाड, एक साधी बॅटरी तिला पसंत पडली. सेलही गावच्या दुकानात मिळणारा. ती कोटाच्या आतल्या खिशात राहायची, अंगाच्या उबेत. झोपताना उशाखाली.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. पितरांसाठी घरोघर तळण काढलेलं, त्याचा वास गल्लीभर. अकरा वाजून गेल्यावर नदीपलीकडून निरोप आला, सून अडली आहे. गाडी काही सुरू होईना.

"राहू द्या आबा," सायकाल म्हणाली, "जाते चालत."

पुढचं तिनंच मला सांगितलं.

कबरस्तानाची भिंत लागली. तोंडावरून हात फिरवून ती दुवा पुटपुटली.

भिंतीपाशी कुणीतरी बसलेलं होतं.

बाई.

मांडीवर गाठोडं.

"एजे..."

सायकालनं उजेड वर नेला नाही. धाडसच झालं नाही. जाकिटापर्यंत दिसलं. चांदीची बटणं. एकाची जागा रिकामी.

"एजे, जरा उजेड द्या ना... तोंड बघायचंय याचं."

पलीकडं एक अडलेली. इथं ही. आणि उजेड एकच.

"भीती नाही वाटली हो, आबा," सायकाल मला म्हणाली. "नुसतं रडू आलं. किती दमले होते मी."

...

तिनं बॅटरी बर्फावर ठेवली.

आणि चालू लागली. अंधारात. मागं न बघता.

पुलावर दोनदा पडली, पण पोचली. घरच्यांनी ट्रॅक्टर खिडकीशी आणून दिवे आत सोडले होते. पहाटे मुलगी झाली, आई-लेक दोघी सुखरूप. आजोबांनी पहिल्यांदा नातीचं तोंड पाहिलं आणि सायकालच्या हातावर नवा रुमाल ठेवला. तोंड दाखवणाऱ्याला रिकामं पाठवत नाहीत, आपली रीतच आहे ती.

उजाडल्यावर गाडी कशीबशी सुरू करून मी तिला आणायला गेलो. येताना भिंतीपाशी ती म्हणाली, "थांबवा."

बॅटरी होती तिथंच होती. रात्रभर जळून विझलेली, त्यात काही नवल नाही. सायकाल वाकली. बराच वेळ उठलीच नाही. मग मीही उतरलो.

बॅटरीच्या काचेवर चांदीचं एक बटण ठेवलेलं होतं. तुटका दोरा अजून त्याला तसाच होता.