राहून गेलेलं नाव

बाळाला न्हाऊमाखू घालणारी मल्लव्वा रोजच्यासारखी सकाळी दहाला कोमट तेलाची वाटी घेऊन आत आली आणि दारातच थबकली. कॉटवर प्रणोती आळिवाची खीर खात मोबाइल वाचत बसली होती. दीड महिन्याची बाळंतीण, पण चेहरा असा टवटवीत की बघणाऱ्याला हेवा वाटावा. आणि तिच्या मांडीला लागूनच तान्ही शाल्मली मुठी आवळून, लालबुंद होऊन टाहो फोडत होती.

"अगं बया! पोरगी कधीची रडतीया, ऐकू येत नाही व्हय तुला?"

प्रणोतीने दचकून खाली पाहिलं. "अगंबाई! आत्ता उठली वाटतं."

"आत्ता कुठली? मी कोपऱ्यापासून ऐकत आले की!"

प्रणोतीने बाळाला उचललं. दुपटं ओलं होऊन गार पडलं होतं. कान तर शाबूत होते. शेजारी नुकत्याच सुरू झालेल्या यंत्रमागांचा खडखडाट, स्वयंपाकघरात आईने उघडलेला डबा, सगळं ऐकू येत होतं. मग ही एवढी जवळ रडतेय ते कसं कळलं नाही?

तिची नजर उशाशी ठेवलेल्या पट्ट्याकडे गेली. त्याचं कागदोपत्री नाव 'निद्रासंक्षेपक', पण सगळे त्याला 'डुलकी'च म्हणत. कपाळावर बांधून वीस मिनिटं पडलं की सहा तासांची झोप पदरात. पहिले आठ दिवस प्रणोती धड झोपलीच नव्हती. नवव्या दिवशी पाजता पाजता तिचा डोळा लागला आणि बाळ मांडीवरून घरंगळलं. आईने, सुनंदाबाईंनी, वरच्यावर झेललं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं! त्याच दिवशी नवऱ्याने पुण्याहून हा पट्टा पाठवला होता.

तिने डुलकीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आई कणकेचे हात तसेच घेऊन शेजारी येऊन बसली.

"ताई, झोपेत मेंदू दोन कामं करतो," पलीकडची मुलगी सांगू लागली. "दिवसभराचा कचरा झाडतो आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते निवडतो. पट्टा दोन्ही कामं घाईने उरकतो. सतत कानावर पडणारा आवाज तो गोंगाट समजून बाजूला सारतो. म्हणून तर जपायचे आवाज आधी नोंदवायचे असतात. बाळाचा नोंदवलाय ना?"

प्रणोतीने आईकडे पाहिलं. दोघींनाही एकदमच आठवलं. पट्ट्याने आवाजाच्या नमुन्याबरोबर नाव मागितलं होतं, नावाशिवाय तो पुढे जातच नव्हता. आणि आई कडाडली होती, "बारशाआधी नाव? काहीतरीच काय! राहू दे तो रकाना, बारसं झालं की भर." बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, पाहुण्यांची उस्तवार झाली आणि रकाना तसाच राहिला.

"आता भरते ना!" प्रणोती घाईने म्हणाली.

"भरा, पण टाकून दिलेला आवाज तेवढ्याने परत येत नाही. तीन आठवडे पट्टा बांधायचा नाही. रडणं, जाग येणं, पुन्हा डोळा लागणं, अशा तुटक झोपेतच मेंदू तो आवाज पुन्हा शिकतो."

"आणि नाही शिकला तर?"

"बहुतेकींचा शिकतो, ताई."

फोन ठेवल्यावर आईने हातावरची वाळलेली कणीक खरवडून काढली. "म्हणजे माझी नात तुझ्या डोक्यात माग झाली होय गं?" ती म्हणाली. घरच्या चार मागांवर तिची तीस वर्षं गेली होती. "आम्हाला कुठे ऐकू यायचा तो खडखडाट? खुशाल जेवायचो, गप्पा मारायचो. हां, पण एक जरी माग थांबला ना, की घास तसाच टाकून उठायचो." मग तिने डोळ्यांना पदर लावला. "माझंच चुकलं. मीच अडवलं तुला."

"पुन्हा माझा डोळा लागला तर? पुन्हा पडली तर?"

"मी बसेन समोर. तू पाज, मी बघते."

पट्टा कपाटात गेला आणि घराची पार दैना उडाली. प्रणोतीने चहात मीठ घातलं, मल्लव्वावर ओरडली, मग तिच्याच गळ्यात पडून रडली. शाल्मली रडू लागली की आई प्रणोतीला हलवून उठवायची, "रडतेय बघ." ती उठायची, पाजायची. पण आपण आई असून शेजारणीसारखं दुसऱ्याने बोलावल्यावर येतोय, हे तिला मनातून खात राहायचं. तीन आठवडे सरले. काहीच बदललं नाही.

चौथ्या आठवड्यातल्या एका दुपारी ती बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या पेंगत होती. आई आत रडणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन थोपटत होती. आज मुद्दामच तिने प्रणोतीला उठवलं नव्हतं, पोरीचं तोंड अगदीच उतरलं होतं म्हणून. रडून रडून अखेर शाल्मलीचा डोळा लागला.

बाहेर माग चालूच होते. तरीही प्रणोती ताडकन उठली आणि अनवाणीच आत धावली.

"काय गं, काय झालं?" आईने विचारलं.

प्रणोती दाराची चौकट धरून झोपलेल्या लेकीकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "ही एकदम गप्प का झाली?"