विरुद्ध गोटातला माणूस

पोलिसांनी महामार्ग बंद केला तेव्हा आइला नीमी मॅजच्या खानावळीपासून हाकेच्या अंतरावर होती, हे तिचं नशीब. गाडीतून उतरून दारापर्यंत पोचेस्तोवर भुवयांवर बर्फ साचला. आत पाहते तर अडकलेल्या ट्रकवाल्यांनी सगळी टेबलं भरलेली. खिडकीशी एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर लाल स्वेटरवाला एक माणूस वाटाण्याचं सूप पीत बसला होता. स्वेटरवर अस्वल. म्हणजे मार्लो गावच्या हॉकी संघाचा.

"बस तिथंच," मॅज काउंटरमागून म्हणाली. "चावणार नाही तो. मार्लोच्या अस्वलांनी तीन वर्षांत कुणालाच चावलेलं नाही."

ट्रकवाले हसले. लाल स्वेटरवालाही हसला, पण त्याची नजर आइलाच्या लोकरी टोपीवरच्या, पोर्ट हॅरिस संघाच्या निळ्या बगळ्यावर खिळली होती.

"खुर्ची रिकामी आहे," तो म्हणाला. "पण ती टोपी काढावी लागेल."

"तुम्ही स्वेटर काढा, मी टोपी काढते."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते आइलाच्या लक्षात आलं. तिचे कान तापले. त्याने घाईघाईने सूपमध्ये डोकं घातलं आणि त्याचेही कान लाल झालेले तिला दिसले... मग मात्र तिला बसायला संकोच वाटला नाही.

त्याचं नाव जेरोम पेल्तिये. मार्लोच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. बोटांवर जुने-नवे ओरखडे, नखाखाली वार्निश. ती पोर्ट हॅरिसला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दोन्ही गावांमध्ये सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आणि सत्तर वर्षांचं बर्फावरच्या हॉकीचं वैर. दोन्हीकडचे संघ सोळा ते वीस वर्षांच्या पोरांचे, पण त्यांच्यापायी इथे लग्नं मोडल्याची उदाहरणं होती.

"यंदाही तळाला?" तिने विचारलं.

"मुद्दाम तळाला," तो म्हणाला. "आम्ही संघ नव्याने बांधतोय. जुनी पोरं दुसऱ्या संघांना देऊन टाकली. एप्रिलमध्ये नवी पोरं निवडताना पहिला हक्क तळाच्या संघाचा."

"पोरं निवडणाऱ्या ऑफिसातली माणसंही नवीन घेतलीत म्हणे."

"ऐकलंत वाटतं." त्याने चमचा खाली ठेवला. "नोरा हॅलिडे, आमची नवी जनरल मॅनेजर. चौतीस वर्षांची. आकडे असे वाचते की बघत राहावं. ती नेमणूक एकदम झकास. पण मग तिनेच पोरं हेरणारा मुख्य स्काऊट म्हणून कुणाला आणलं? एइनो नीमी. सहासष्ट वर्षांचा माणूस. तुमच्याच क्लबने काढून टाकलेला."

आइलाने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. सकाळीच ती एइनो नीमींच्या पुस्तकांची खोकी आणि आईची शिवणाची टोपली मार्लोच्या भाड्याच्या घरात ठेवून निघाली होती.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिने... पण निघालं ते भलतंच.

"आमच्या कप्तानाला कुणी शोधलं माहितेय? नीमींनी. आमच्या गोलरक्षकाला? तेव्हा तो तिसऱ्या फळीतही खेळत नव्हता."

"ते दहा वर्षांपूर्वी. गेल्या दोन वर्षांत काय शोधलं?"

"गेली दोन वर्षं त्यांच्या घरात आजारपण होतं. बायको गेली त्यांची. चकतीकडे बघायला डोकं ठिकाणावर लागतं ना माणसाचं."

ती जरा मोठ्याने बोलली असावी. शेजारचा ट्रकवाला वळून बघायला लागला.

"तुम्ही बगळ्यांची चाहती," जेरोम म्हणाला, "आणि आमच्या स्काऊटची वकिली करताय. आम्ही गाढव ठरलो तर तुम्हाला आनंद नको व्हायला?"

"व्हायला हवा खरा," ती म्हणाली. "पण तुम्ही इतकं चुकीचं बोलता की राहवत नाही."

तीन तासांनी रस्ता मोकळा झाला. तोवर दोघांनी एका बशीतले बटाटे, दोन टार्ट आणि अस्वलांचं सगळं ऑफिस संपवलं होतं. 'तुम्ही' कधी 'तू' झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडीवरचा बर्फ तो हाताने झटकत राहिला, काच साफ झाली तरी.

"पुढच्या शनिवारी..." तो म्हणाला. "माझे अजून चार मुद्दे राहिलेत."

"माझे सहा."

त्यानंतरचे तीन शनिवार मॅजने खिडकीचं टेबल कुणाला दिलं नाही. ती साठ किलोमीटर यायची, तो पासष्ट. तो नोरा हॅलिडेचे तक्ते कागदावर काढून दाखवायचा, ती त्यावर पेन्सिलने काट मारायची. काट मारताना तिचा हात त्याच्या हाताला लागला, की दोघांपैकी कुणीच तो लवकर उचलायचं नाही. तिने पुल्ला, वेलदोड्याचा गोड पाव, भाजून आणला. त्याने तिच्यासाठी कपाखाली ठेवायची मेपलच्या लाकडाची तबकडी केली, गुपचूप पुढे सरकवली आणि लगेच गोलरक्षकांवर बोलायला लागला.

आडनाव त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. दर शनिवारी परत जाताना ती स्वतःला बजावायची, पुढच्या वेळी नक्की.

एका शुक्रवारी ती बाबांकडे मार्लोला आली. एइनो स्वयंपाकघरात बसून फोनवर काहीतरी ऐकत होते. आवाज ऐकून ती कोट अंगावर तसाच ठेवून दारात थबकली. जेरोम दर गुरुवारी दोन मित्रांबरोबर अस्वलांच्या चाहत्यांचा पॉडकास्ट करायचा, हे तिला ठाऊक होतं. ऐकला मात्र कधी नव्हता.

"नीमींना घेणं ही दया आहे," जेरोमचा आवाज म्हणत होता. "पोर्ट हॅरिसने अडगळीत टाकलेलं सामान आपण उचलून आणलंय. माझ्या ओळखीच्या एका पोर्ट हॅरिसवाल्यानेच सांगितलं, गेली दोन वर्षं घरच्या आजारपणामुळे त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. वाईट वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून कुणाला नोकरी देतात का?"

एइनोंनी फोन उलटा ठेवला. बराच वेळ ते टेबलावरच्या नक्षीवर बोट फिरवत राहिले.

"दोन वर्षांबद्दल चूक नाही बोलला तो," शेवटी ते म्हणाले. "पण घरातलं त्याला कुणी सांगितलं?"

"मी," आइला म्हणाली. "तुमची बाजू घ्यायला गेले होते, बाबा. तो कोण, मी कोण, काही न सांगता."

"तुझ्या आईचं आजारपण ही काही हॉकीची बातमी नव्हे, आइला."

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते उठले आणि तिच्यासाठी कॉफी ओतू लागले, आणि तेच तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीच्या टेबलाशी उभीच राहिली. जेरोम हसत उठला, पण तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विझलं.

"माझं आडनाव नीमी आहे," ती म्हणाली. "एइनो माझे वडील. काल त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकलं तुला."

त्याने खुर्चीची पाठ धरली. "आइला... मला माहीत असतं तर..."

"तर बोलला नसतास. माहितेय. म्हणजे दुसऱ्या कुणाचे वडील असते तर चाललं असतं?"

त्याने हळूच विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"लहानपणापासून मी नीमीची मुलगी आहे. सगळे माझ्याशी जपून बोलतात. बाबांना काढल्यावर तर फारच जपून. तू पहिल्यांदा भेटलास तो सरळ भांडलास. बरं वाटलं मला. ती माझी चूक. जे बोललास ती तुझी."

ती निघून गेली. मार्च महिनाभर तिने त्याचे निरोप वाचले, पण उत्तर दिलं नाही. पहिल्या काहींत माफी होती. नंतर त्याने माफी मागणं थांबवलं आणि एक ओळीचा निरोप आला: "तुझ्या वडिलांना भेटायला जातोय. तुला आवडणार नसेल तर सांग, जाणार नाही."

तिने तो निरोप कितीदा वाचला देव जाणे. 'नको' असं दोनदा लिहून खोडलं. आणि मग फोन खिशात टाकून औषधं मोजायला गेली.

बाबांचा रविवारी फोन यायचा. त्यातल्या एका रविवारी ते सहज म्हणाले, "एक सुतार येतो हल्ली, पहाटेच्या सरावाला. माझ्या शेजारी बसतो."

"काय म्हणाला?"

"चुकलं म्हणाला. घरातलं बोलायला नको होतं म्हणाला. मी म्हटलं, बस, आणि तो चौदा नंबर बघ. काय दिसतं सांग. म्हणे, गोल चांगले मारतो. मी म्हटलं, चकती हातची गेल्यावर काय करतो ते बघ. मान टाकतो की मागे धावतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत आला." एइनो क्षणभर थांबले. "वाद फार घालतो. काल नोराचे आकडे घेऊन आला होता, मी कसा चुकतोय ते दाखवायला. एका पोराबाबत बरोबरही होता. तुझ्या आईला आवडला असता."

आइलाने खिडकीबाहेर पाहिलं. सरोवरावरच्या बर्फाला पहिली लांब भेग पडली होती, आणि तिच्यात आभाळाइतकं निळं पाणी.

त्या गुरुवारी तिने पॉडकास्ट लावला. जेरोम म्हणाला, "महिन्यापूर्वी मी नीमींबद्दल जे बोललो त्यातला एक भाग बोलण्याचा मला हक्कच नव्हता. एका माणसाने विश्वासाने सांगितलेलं मी इथे वापरलं. दोघांचीही माफी मागितली आहे, इथेही मागतो. आता हॉकीबद्दल. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून पोरं निवडू नयेत, असं मला अजूनही वाटतं. पण मी बारा पहाटे त्यांच्या शेजारी बसलो. ते जे बघतात, ते मला आयुष्यात दिसलं नव्हतं."

तिने ते बंद केलं. पुन्हा लावलं. त्याने मत बदललं नव्हतं, फक्त माणूस पाहिला होता. तिला हवं होतं ते एवढंच. त्याने लोटांगण घातलं असतं तर कदाचित तिने फोन बंदच ठेवला असता.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी निवड होती. मार्लोच्या सभागृहात दोन-अडीचशे लाल स्वेटर जमले होते. आइला दाराशी, भिंतीला टेकून उभी राहिली. पुढे मंचावर नोरा हॅलिडे आणि तिच्या शेजारी बाबा, गळ्याशी घट्ट वाटणारा टाय बांधून. सगळ्यांना एकच नाव हवं होतं, हंगामात सर्वांत जास्त गोल मारणाऱ्या पोराचं.

नोराने वाचलं ते नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. चारशे वस्तीच्या गावातला एक बचावपटू.

मग मागून कुणीतरी "म्हाताऱ्याची निवड" असं म्हणालं आणि कुजबुज वाढत गेली. एइनो सरळ बसून होते, पण त्यांचा हात टायकडे गेला. तेवढ्यात जेरोमच्या पॉडकास्टमधल्या मित्राने माइक त्याच्यापुढे धरला.

"बोल पेल्तिये. तुझं काय म्हणणं?"

जेरोम उठला. "मी या पोराला चार वेळा पाहिलंय," तो म्हणाला. "मी असतो तर त्याला घेतलं नसतं. पण नीमींनी त्याला एकतीस वेळा पाहिलंय, आणि नोरा हॅलिडेने आकडे तपासून सही केलीय. आपण एकदाही न पाहता ओरडतोय. दोन वर्षांनी विचारा मला. तेव्हा शिव्या द्यायच्या असतील तर आधी मी देईन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कुजबुज खाली बसली. आणि बसता बसता त्याला दाराशी उभी आइला दिसली.

बाहेर छपरांवरून पाणी ठिबकत होतं. तो धावतच आला, आणि तिच्यासमोर आल्यावर काय करायचं ते न सुचून उभा राहिला.

"बाबांची बाजू तरी नीट घ्यायचीस," ती म्हणाली.

"पटल्याशिवाय हो म्हणायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय."

"असं? मग खात्री कशाबद्दल पटलीय तुला?"

त्याने ओरखड्यांनी भरलेली बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली.

"तुझ्याबद्दल," तो म्हणाला. "मॅजकडे तू खुर्ची ओढलीस तेव्हापासून."

"आणि निवड चुकली तर?"

"चुकू दे. माझ्याकडे दुसरी फेरी नाहीये, आइला. एकच नाव आहे."

तिला बोलायचं होतं पुष्कळ. तिने त्याचा हात धरला. वार्निशचा वास, खरखरीत तळवा, आणि किती ऊब.

"मी बगळ्यांना सोडणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

"सोडू नकोस. मग मी भांडू कुणाशी?"

"आणि मला तू आवडतोस. बाबांना आवडायच्या आधीपासून. मधला एक महिना सोडून." ती थांबली. "नाही... तो महिनाही धरून."

तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं. एइनो बाहेर आले होते, टाय सैल, डोळे लेकीला शोधत. ती दिसली, तिच्या हातातला हात दिसला. चाळीस वर्षं ज्यांनी परक्यांची पोरं डोळे न मिटता निरखली होती, त्यांनी एकदम नजर वळवून आभाळाकडे पाहिलं. मग पाठमोरे होऊन ते आत गेले आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार लावून घेतलं.