मिनिटास मिनिट

मुळानगरच्या वाहतूक नियंत्रण केंद्रातल्या भिंतभर पडद्यावर शहर अखंड वाहत असे. सिग्नल तिथून कधीच हद्दपार झाले होते. चौकाकडे येणारी प्रत्येक स्वयंगाडी दूरवरूनच आपला वेग कमीजास्त करी आणि आडव्या-उभ्या रांगा एकमेकींना न शिवता आरपार निघून जात. हा सगळा खेळ 'प्रवाह' नावाची यंत्रणा चालवत होती. त्या संध्याकाळी मात्र पूर्व बाह्यवळणावर एक लाल ठिपका उभा होता.

"सर, ही रुग्णवाहिका हलत नाहीये," केतकी निंभोरकर म्हणाली. ती केंद्राची उपप्रमुख होती आणि मूळची गणिती.

केंद्रप्रमुख फिरोज इनामदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "कारखाने सुटलेत. बसगाड्यांची लाट पुढे सरकली की सोडेल तिला."

"पण आत माणूस असेल ना!"

"एक माणूस असेल. लाटेत तीन-चार हजार आहेत. सगळ्या शहराचा मिळून जो वेळ थांबण्यात जातो तो कमीत कमी ठेव, एवढंच आपण 'प्रवाह'ला सांगितलंय. रुग्णवाहिका मध्ये घुसवली की लाट फुटते. मग मागचा चौक तुंबतो, त्याच्या मागचा तुंबतो, आणि ती फूट भरून यायला अर्धा तास लागतो. एकाचा थोडा वेळ वाचवायला हजारोंचे मिळून कित्येक तास जातात. त्या हजारांतही कुणी शस्त्रक्रियेला निघालेला डॉक्टर असतो, कुणाची आई शेवटच्या घटका मोजत असते."

"हे तुमचं मत आहे?"

"वाहतूक प्राधिकरणाच्या समितीचं. मी विरोधात हात वर केला होता, तू शेजारीच होतीस. पूर्वी आपल्याकडे हस्तमार्गाची किल्ली होती. अंगठा टेकवला की गाड्या कडेला सरकायच्या. तीही काढून नेली."

लाट ओसरली तसा लाल ठिपका सुटला. केतकीने पुढच्या चौकाकडे लक्ष वळवलं.

थोड्याच वेळात रुग्णालयातून फोन आला. तिचा नवरा निरंजन शाळेत भूगोल शिकवायचा. नववीच्या मुलींना घेऊन तो सकाळी टेकडीवर खडक दाखवायला गेला होता. संध्याकाळी परतताना आग्यामोहोळ उठलं. मुलींना पुढे पळवून तो मागे राहिला. सगळ्या मुली सुखरूप होत्या. निरंजनचा गळा आतून सुजत गेला होता आणि श्वास कोंडला होता. रुग्णवाहिकेतलं औषध पुरं पडलं नाही.

"जरा आधी पोचले असते तर..." डॉक्टर म्हणाले.

तो लाल ठिपका कोणाचा होता ते केतकीला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी तिने यंत्रणेला विचारलं, गाडी किती वेळ उभी होती. उत्तर आलं, नऊ मिनिटं.

रुग्णवाहिकेसाठी लाट फोडायची नाही, हा नियम कुणा शास्त्रज्ञाने मांडलेला नव्हता. तो एका गप्पांच्या कार्यक्रमातून आला होता. अवधूत केळशीकर हे अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक रोज संध्याकाळी 'जाता जाता' या नावाने तासभर थेट बोलत. घाटात माणसाने गाडी चालवावी की नाही, ड्रोनने डबे पोचवले तर डबेवाल्यांनी काय करावं, पदपथ हवेत तरी कशाला, अशा कशावरही. आवाज घरातल्या मोठ्या माणसासारखा होता. अभ्यास असेलच असं नाही, पण बोलणं मोठं गोड. लाखो लोक स्वयंगाडीत बसल्या बसल्या त्यांना ऐकत आणि ऑफिसात पोचेपर्यंत त्यांचं मत आपलं म्हणून सांगू लागत. एकदा ते हसत म्हणाले, "एका गाडीसाठी अख्खं शहर खोळंबवायचं हा भावनेचा कारभार झाला. जरा गणित करा की!" पंधरवड्यात ते वाक्य शहराच्या तोंडी झालं, वर्षाच्या आत त्याचा नियम झाला आणि केळशीकर वाहतूक प्राधिकरणाचे मानद सल्लागार झाले.

निरंजन गेल्यानंतर त्या आठवड्यातच ते कार्यक्रमात म्हणाले, "ते मधमाश्यांचं प्रकरण ऐकलंत ना? वाईट झालं हो. पण त्या संध्याकाळी किती जण वेळेवर घरी पोचले, त्यांची बातमी होत नाही." मग ते उडत्या टॅक्सीच्या भाड्याकडे वळले.

केतकी ते ऐकत स्वयंपाकघरात उभी होती. तिने आवाज बंद केला नाही. तास संपेपर्यंत ऐकलं. त्या दिवसापासून तिने त्यांचा एकही कार्यक्रम चुकवला नाही.

दोन महिन्यांनी किल्ली परत मिळावी म्हणून तिने समितीपुढे मागणी ठेवली. केळशीकर समोरच होते. पांढरा सदरा, गळ्यात चष्मा. मरण पावलेला माणूस हिचा नवरा होता हे त्यांना माहीत नव्हतं. इनामदारांना होतं. ते टेबलाकडे बघत बसले.

"निंभोरकर मॅडम, मिनिट हे मिनिट असतं," केळशीकर समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमचं, माझं, त्या मधमाश्यांवाल्या गृहस्थांचं. सगळ्यांचं सारखंच. कुणाचं मिनिट जास्त मोलाचं हे ठरवायला लागलात की वशिले सुरू होतात."

"म्हणजे सर, उद्या तुम्ही त्या गाडीत असलात तरी?"

"अर्थात! मी कोण लागून गेलो?" ते मोकळेपणाने हसले. "पण देऊन टाका त्यांना किल्ली. अंमलावर असलेल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या अकलेने वापरावी. केंद्रातल्या लोकांच्या मनाला तेवढंच समाधान."

किल्ली मिळाली. निरंजनच्या जिवाच्या बदल्यात तिच्या हाती एवढंच आलं. ती किल्ली त्या पाळीच्या अंमलाधिकाऱ्याच्या अंगठ्यालाच ओळखायची. केतकीने कायमची संध्याकाळची पाळी मागून घेतली. त्या पाळीत अडलेल्या प्रत्येक रुग्णवाहिकेला तिने वाट करून दिली, एकदाही हात आखडला नाही. पण पाळी तिने त्यासाठी मागितली नव्हती.

केळशीकरांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्या हृदयावर एकदा शस्त्रक्रिया झाली होती. त्याचे किस्से ते स्वतःच रंगवून सांगत. त्यांचं घर बाह्यवळणाच्या पलीकडे होतं. तिथून हृदयरुग्णालयाकडे एकच रस्ता येत होता. केतकीला त्यांचं मरण नको होतं. तिला त्यांची नऊ मिनिटं हवी होती. क्षणभर कमी नाही, क्षणभर जास्त नाही. मिनिटं सगळ्यांची सारखी असतात ना, मग निरंजनची त्यांनी छातीवर हात ठेवून मोजावीत.

दीड वर्ष ती थांबली.

त्या संध्याकाळी केंद्रातल्या कोपऱ्यात 'जाता जाता' हळू आवाजात चालू होतं. केळशीकर नदीखालच्या नव्या बोगद्याबद्दल बोलत होते. "आता हे पंप बसवणारे शहाणे..." ते म्हणाले आणि वाक्य तुटलं. खुर्ची सरकली. मग एका बाईचा आवाज आला, "बाबा! बाबा, माझ्याकडे बघा!" आणि कार्यक्रम बंद पडला.

लाखो लोकांनी तो आवाज ऐकला.

काही वेळाने पडद्यावर लाल ठिपका उमटला. बाह्यवळणापाशी येऊन तो थांबला. कारखाने नुकतेच सुटले होते.

इनामदार उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. "तेच आहेत. केतकी, वाट दे."

तिने आपला हात मांडीवरच ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात गाडी थांबल्याची वेळ धावत होती. एक मिनिट झालं होतं.

"केतकी, पुढचा रस्ता रिकामा आहे. नुसती लाट फोडायचीय. दिवसातून दोनदा करतेस तू हे."

"करणार आहे, सर."

"मग कर ना!"

"नऊ मिनिटांनी."

इनामदारांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. किल्ली त्यांच्या अंगठ्याने उघडणार नव्हती आणि अंमल बदलून घ्यायला त्याहून अधिक वेळ लागला असता. ते खाली वाकले. "बेटा, निरंजन मला मुलासारखा होता. त्याला हे आवडलं असतं?"

"त्याला विचारायची सोय राहिली नाही, सर."

तीन मिनिटं झाली. चार झाली. केतकीला वाटलं होतं, या क्षणी छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. आत एक थंड, स्वच्छ जागा होती आणि त्या जागेत फक्त आकडा पुढे सरकत होता. रुग्णवाहिकेत पडलेला माणूस आता विचारत असेल, का थांबलोय? कुणीतरी त्याला सांगत असेल, बसगाड्या चालल्यात. सांगू दे.

पाचवं मिनिट संपताना इनामदार म्हणाले, "हे कुठून निघालं?"

गल्ल्यागल्ल्यांतून स्वयंगाड्यांचे पांढरे ठिपके बाहेर पडत होते. आधी विसेक, मग शंभर, मग पडद्याचा पश्चिम भागच पांढरा व्हायला लागला. तिने एका ठिपक्याला बोट लावलं. चार प्रवासी, ठिकाण हृदयरुग्णालय. दुसरा, तीन प्रवासी, ठिकाण तेच. तिसरा, तोच पत्ता.

"ऐकणारे निघालेत," इनामदार म्हणाले. "त्यांना बघायला चाललेत सगळे. एकेका गाडीत अख्खं कुटुंब आहे, केतकी. 'प्रवाह' यांनाच आधी सोडणार. माणसं जास्त आहेत ना!"

केतकीला ते एका नजरेत कळलं होतं. त्या पांढऱ्या गाड्या रुग्णालयाच्या रस्त्यावर तिन्ही पट्ट्या भरून उतरत होत्या. आताही मधोमध एक फट होती. आता अंगठा टेकवला असता तर कदाचित निभावलं असतं. सहा मिनिटं झाली होती. निरंजनची अजून तीन बाकी होती.

तिने अंगठा उचलला. हवेतच धरला. पाठीमागे इनामदार काहीतरी पुटपुटत होते, प्रार्थना असावी. सात. आठ.

नऊ झाली तेव्हा तिने अंगठा टेकवला.

पडद्यावर अक्षरं उमटली: मार्ग देण्यास जागा नाही.

तिने पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. हस्तमार्ग गाड्यांना कडेला सरकवतो. पण कडेला सरकायला कड लागते. रस्त्यावर बोटभर जागा उरली नव्हती. रुग्णवाहिकेच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना केळशीकरांवर जीव टाकणारी माणसं बसली होती. प्रत्येकाला लवकर पोचायचं होतं आणि प्रत्येकाचं मिनिट यंत्रणा इमानाने मोजत होती. काही जणांनी काचा खाली केल्या होत्या आणि त्या अडलेल्या गाडीत कोण आहे म्हणून एकमेकांना विचारत होते.

"सर, या गाड्यांना मागे घ्या! पश्चिमेचे चौक बंद करा, सर, काहीतरी करा!" केतकी ओरडली. तो आपलाच आवाज आहे हे तिला ओळखू आलं नाही. दोघांनी मिळून चौक बंद केले, गाड्या एकेक करून मागे फिरवल्या. रुग्णवाहिका रुग्णालयात पोचायला पाऊण तास लागला. अवधूत केळशीकर त्याआधीच गेले होते.

चौकशी झाली. समितीने सगळी नोंद तपासली. त्या संध्याकाळी चौक बंद करेपर्यंत शहराचा एकूण खोळंबा नेहमीपेक्षा कमीच भरला होता. नियम पाळला गेला होता. किल्ली केव्हा वापरायची हे अधिकाऱ्याच्या अकलेवर सोपवलेलं होतं आणि अधिकाऱ्याने ती वापरली होती. नऊच मिनिटं का, असं कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. नियमाच्या हिशेबात एका माणसाची नऊ मिनिटं म्हणजे काहीच नव्हती. इनामदारांना बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "जे झालं ते पडद्यावर आहे," आणि महिनाअखेर त्यांनी निवृत्ती घेतली. जाताना ते केतकीशी बोलले नाहीत.

लोक मात्र खवळले. आपल्या माणसाला आपणच अडवलं हे त्यांना सहन होईना. आठवडाभरात तो नियम रद्द झाला आणि रुग्णवाहिकांना पहिला मान परत मिळाला. निरंजनच्या मृत्यूने जे झालं नव्हतं ते असं झालं.

त्यानंतर एका दुपारी केतकीच्या खोलीत एक बाई आली. चाळिशीची, डोळ्यांखाली काळं. "मी शाल्मली. अवधूत केळशीकरांची मुलगी. मी डॉक्टर आहे. त्या गाडीत बाबांजवळ मीच होते."

केतकीने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"सुरुवातीला मला समोरचा रस्ता दिसत होता. बसगाड्यांच्या पलीकडे सगळा मोकळा होता. बाबा शुद्धीवर होते. मी त्यांना सांगत होते, केंद्रात किल्ली आहे, तुम्हीच तर देववलीत, आत्ता सोडतील. चौकशीचे कागद मी वाचले. त्यात सगळं बरोबर आहे." ती टेबलाजवळ आली. "मला फक्त एवढंच सांगा. तुम्हाला आम्ही दिसलो नव्हतो का?"

यंत्रणा, लाट, खोळंबा, सगळे शब्द केतकीच्या जिभेवर तयार होते. ज्या शब्दांनी तिला दीड वर्ष जाळलं होतं, तेच आज तिला वाचवायला पुढे झाले होते.

"दिसला होतात," ती म्हणाली. "मी मुद्दाम थांबवलं."

शाल्मलीने टेबलाची कड धरली. "का?"

"निरंजनला थांबावं लागलं होतं तेवढंच थांबवायचं होतं. त्याहून एक क्षणही जास्त नाही."

शाल्मली तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायचा होता अजून. आधी तिथे नुसतं कोडं होतं, खरंखुरं, भाबडं.

"निरंजन कोण?" तिने विचारलं.