पडवीतला मासा

“मान खाली कर, उलायू… आणि हलू नकोस!”

हलू नकोस म्हणे! जेपूटीची गार बोटं मानेला लागल्यावर कोण हलणार नाही? तळ्याची तपासणी करणारे गावच्या सभागृहात सगळ्यांच्या केसांची बट घेत होते, आणि माझ्या वाट्याला नेमका हा आला होता.

“केसांवरून काय कळतं रे?”

“हिवाळाभर काय खाल्लंस ते. अंगात किती पारा गेला ते.”

“आणि मनात कोण होतं, ते?”

कात्री थांबली. “ते… ते नाही कळत.” कान मात्र लालेलाल!

मी खुशीत होते. आमच्या उत्तर ध्रुवाकडच्या हिवाळाभराच्या अंधारात कोणीतरी माझ्या पडवीत तळ्यातला मासा ठेवून जात होतं — हा मोठा, गुलाबी! गोठलेलाच कापून खायचे आणि देणाऱ्याची स्वप्नं बघायचे.

बर्फ वितळून ओढे वाहू लागले, तेव्हा दारावर थाप पडली. आम्हा इनुइटांत दार कोणी वाजवत नाही, सरळ आत येतात. वाजवतात ते पोलीस.

दारात जेपूटी. चेहरा पांढराफटक.

“तुझ्या केसांत पारा निघाला. गावात सगळ्यांत जास्त.”

“माझ्याच? का?”

“तळ्यातला मासा, उलायू. दूरच्या धुराड्यांतला पारा वाऱ्यावर येतो, बर्फात बसतो, ओढ्यांबरोबर तळ्यात उतरतो. किड्यांतून लहान माशात, लहानातून मोठ्यात. मासा जितका म्हातारा, तितका…”

“मी तळ्यातला खाते, हे तुला कोणी सांगितलं?”

तो कसाबसा म्हणाला, “तपासायला एक तुकडा लागतो. उरलेला टाकायचा कसा? तेव्हा निकाल आले नव्हते… सगळ्यांत मोठा तुझ्यासाठी ठेवायचो. मीच विष घातलं तुला.”

धक्का पाऱ्याचा की त्याचा, मलाच कळेना. एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली आणि… रडूच फुटलं.

“नर्सबाई म्हणाल्या, तो मासा बंद केलास की हळूहळू उतरेल. पण पारा पोटातल्या बाळाला बाधतो; लग्न, मूल… असा बेत असेल तर आधी उतरू दे. आहे का… बेत?”

“चोरासारखा मासा ठेवून पळणाऱ्याशी?”

तो मान खाली घालून गेला. त्यानंतर मी रोज पडवीत डोकावायचे. पडवी रिकामी. इतकं भकास मला अंधारातही वाटलं नव्हतं.

आणि एका दुपारी दार उघडलं — न वाजवता. जेपूटीच्या हातात जेमतेम हातभर मासा.

“लहान आहे. पण समुद्रातला. आधी तपासून घेतला.”

मी सुरी त्याच्यापुढे सरकवली. “काप. अर्धा तुझा.”

“आणि… बेत?”

“आधी पारा तर उतरू दे!” म्हणत मी भुवया उंचावल्या. आमच्याकडे ‘हो’ असंच म्हणतात.