निरगुडसर येईपर्यंत

"ओ मॅडम, गप चालू नका!"

मागून आवाज आला आणि मी दचकून थांबले. श्रावणातली सकाळ होती, नुकतीच एक सर येऊन गेली होती. डावीकडे मीना नदी, उजवीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधे जेमतेम एक पायवाट. तिच्यावरून एक उंच माणूस लगबगीने येत होता. त्याच्या खिशातला मोबाइल टोमॅटोचे बाजारभाव मोठमोठ्याने सांगत होता.

"उसाच्या कडेनं जाताना आवाज करत जायचं," तो जवळ येऊन म्हणाला. "बिबट्याला कळलं पायजे माणूस येतंय. मग तो त्याच्या वाटेनं, आपण आपल्या."

"माहीत आहे. मी नारायणगावचीच आहे."

"मग गप का?"

"एकटीने काय बोलायचं?"

तो हसला. "हां... ते बी खरं. पण आता दोघं झालो."

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, आपली मीना पुढे कुठे जाते?" घोड नदीला मिळते, असं मी सांगितलं खरं, पण मी ते पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेलं शिकवताना मला चोरट्यासारखं वाटतं. म्हणून दर रविवारी जमेल तेवढं काठाने चालायचं, असं मी ठरवलं होतं.

त्याचं नाव गोरख. गाव निरगुडसर, नारायणगावात भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. त्या सकाळी तो कुणाच्या तरी वावरातली रोपं बघायला आला होता. मीना त्याच्या गावावरूनच पुढे जाते, पण तो रोज मोटरसायकलवर डांबरी रस्त्याने ये-जा करायचा. मधली नदी त्यानेही पाहिली नव्हती.

"मी येऊ का संगं? बडबडायला माणूस लागंलच तुमाला."

"चालेल, गोरख..."

मी अडखळले. आमच्याकडे अनोळखी माणसाच्या नावापुढे भाऊ आपोआप लागतं. त्या दिवशी लागलं नाही.

"भाऊ राहिलं," तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हणाले आणि उसाचं एक पान फार बारकाईने पाहू लागले.

अशी आमची नदी सुरू झाली. सकाळी चालायचं, ऊन चढलं की वर रस्त्याला लागून मिळेल त्या जीपने परत यायचं. नियम माझा होता : गेल्या रविवारी जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचं. एकदा तो थोडा पुढच्या बाभळीपाशी उभा होता. मी त्याला मागे बोलावलं.

"चार पावलांनी नदी रागावती का?"

"नदी नाही. मी."

तो निमूटपणे मागे आला. चेहरा मात्र निमूट नव्हता.

मी मुळात कमी बोलणारी. पण ऊस लागला की बोलावंच लागायचं... आणि या काठाला ऊस काही संपत नाही. पहिल्या रविवारी मी त्याला पानांचं श्वसन समजावलं. दुसऱ्या रविवारी तो मला मिरचीच्या रोपांचे नखरे सांगत होता. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या लांबून दिसल्या, तेव्हा त्याने विचारलं, "एवढा कान लावून ऐकतात, तर काय ऐकू येतं?"

"फार जुने, फार लांबून आलेले संदेश. अगदी क्षीण."

"मग माझ्यापाशी बसवा एखादी," तो नदीकडे बघत म्हणाला. "माझं बी लई क्षीण जातंय."

मी काही बोलले नाही. ऊस असूनही बोलले नाही.

त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला चालली नाही. आम्ही जैन, आणि तिच्यात लसूण होता. पुढच्या वेळी बिनलसणाची आली.

"आईला काय सांगितलंत?"

"मित्राला लसूण चालत न्हाई म्हणलं."

"मित्राला?"

"आई म्हणली, आजारी हाय का रं बिचारा?"

मी खूप हसले. घरी गेल्यावर मात्र तो शब्द टोचत राहिला. मित्राला... माझ्या घरी सगळं माहीत होतं. पप्पांचं, चांदमलशेठचं, बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. गोरखबरोबर चालते, असं मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं होतं. ते हातातला तागा गुंडाळत म्हणाले, "छत्री घेऊन जात जा."

पर्युषणात माझा एक रविवार चुकला. मी नसताना गोरख एक पाऊलही पुढे गेला नाही.

पण नागापूर मागे पडलं, थापलिंगाचा डोंगर पाठीशी गेला आणि आमचे टप्पे लहान होऊ लागले. कधी त्याचा पाय दुखायचा, कधी आभाळ भरून यायचं. आभाळ मलाही दिसत होतं. ते भरलेलं नसायचं. निरगुडसर जवळ येत होतं आणि तो थांबत होता, एवढं कळायला विज्ञान शिकावं लागत नाही.

त्या रविवारी गावाच्या अलीकडचा बंधारा दिसला आणि तो बसलाच.

"आज इथंच थांबू. घट बसू द्या, मग जाऊ फुडं."

"का?"

"नवरात्राचं धुणं काढलंय. गोधड्या, वाकळी, घरातलं सगळं. अख्ख्या गावच्या बाया नदीवर हायेत आज. आई बी."

मला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. मी म्हणाले, "मग मी पलीकडच्या काठाने जाते. तुम्ही अलीकडून या. कुणाला कळणार नाही आपण बरोबर आहोत."

आणि मी बंधाऱ्यावर चढले. पाणी अडवायच्या फळ्या पावसाळ्यात काढलेल्या, पाणी खालून धो धो जात होतं. मधोमध पोचले तेव्हा मागून धावल्याचा आवाज आला.

"डिंपल! थांबा की!"

पहिल्यांदाच मॅडम गळालं होतं. मी वळले.

"लाज वाटते ना माझी?"

"लाज?" तो धापा टाकत होता. "अवो... आई विचारणार, कोण ही? मैत्रीण म्हणावं तर ते खोटं. खरं सांगावं तर... ते तुमालाच अजून विचारलं न्हाई. नदीवर सांगितलं की गावभर झालं. तुमी नको म्हणला असता, तर बोलणी तुमाला बसली असती."

"मग विचारा ना."

"हितं? बंधाऱ्यावर?"

"इथे ऊस नाही. उगीच बोलावं लागतंय, असं होणार नाही."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "मला तुमी आवडता. लई... म्हणजे लईच. माझ्याशी लग्न कराल का?"

खालून पाणी जात होतं. मी उत्तर केव्हाचं तयार ठेवलं होतं.

"हो. पण आता अलीकडच्याच काठाने जायचं."

घाटावर नुसती धांदल होती. खडकांवर लाल-निळ्या गोधड्या पसरल्या होत्या, धोपटण्यांचे आवाज घुमत होते. आम्ही दिसलो आणि ते आवाज एकेक करून थांबले. कमरेएवढ्या पाण्यातून एक बाई ओरडल्या, "गोरख्या! कोण रं ही? कुणाकडं आलीया?"

त्या त्याच्या आई, ठकूबाई. गोरखने तोंड उघडलं... आणि काहीच आलं नाही. इतके रविवार बडबडणारा माणूस!

मी पुढे झाले. "तुमच्याकडेच आले, आई. गोरखबरोबर."

ठकूबाई काठावर आल्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चिखलाने भरलेल्या पायांकडे.

"चालत?"

"नारायणगावापासून. टप्प्याटप्प्याने."

"आन तुजी गाडी काय पूजेला ठिवलीया का रं?" त्या गोरखवर कडाडल्या. "सोन्यासारखी पोरगी चिखलातनं चालवत आणलीस!"

सगळा घाट हसला. गोरखचे कान जांभळाच्या रंगाचे झाले.

ठकूबाईंनी पाण्यातून एक जड गोधडी ओढून काढली. गोरख धरायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात झटकला. "तू सर बाजूला." मग ते टोक माझ्या हातात दिलं. "धर घट. पीळ. घाबरू नगं, जुन्या नऊवारीची हाय, फाटायची न्हाई."

मी पिळू लागले. पलीकडच्या टोकाला त्या. मधे गोधडीचा पीळ घट्ट होत गेला, पाण्याच्या धारा लागल्या. शेजारच्या खडकावरून कुणीतरी विचारलं, "कोण गं ही, ठकूबाई?"

त्यांनी मान वर केली नाही. पिळता पिळताच म्हणाल्या, "दिसंना व्हय? आमच्यातली हाय."