कड्यावरची गिधाडं

कड्याखालच्या चहाच्या टपरीवर, पाहणीला आलेली न्याविरा फोनवर साहेबांशी तावातावाने बोलत होती.

"कड्यावरून नोंदी पाठवणारा तो माणूस येडाच आहे हो! म्हणे, दोन वाजता गिधाडं उडाली. रात्री दोनला गिधाड उडतं का कधी? मी त्याच्या नोंदी काढूनच टाकल्या."

फोन ठेवला, तर शेजारी लाल कापड पांघरलेला एक मासाई तरुण हसत होता.

"तो येडा मीच. लेमायान."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"आणि रात्रीचे नाहीत हं. उजाडल्यापासूनचे दोन... तुमच्या ऑफिसात सकाळचे आठ. तुझी आई कशी सांगते वेळ?"

"अशीच," ती पुटपुटली.

"मग? नैरोबीला गेलीस आणि आईची वेळ विसरलीस?"

खरंच विसरली होती. विमानातून मोजलेली, संग्रहालयाच्या कपाटांत पडलेली, गुराख्यांनी फोनवर कळवलेली गिधाडं ती एका नकाशावर आणत होती. माणसांपेक्षा रकान्यांशीच बोलणं जास्त. खोलीवर गेल्यावर 'आलीस का?' म्हणणारंही कुणी नव्हतं.

"परवा विजेच्या तारांचा मार्ग ठरतोय," ती म्हणाली. "माझ्या नकाशावर तुमचा कडा रिकामा आहे. तारा तिथूनच नेतील, पक्षी आपटून मरतील. काढलेल्या नोंदी मी परत घालते, पण तेवढ्याने भागणार नाही. बाकीच्या वर्षांच्याही... द्याल?"

"तुमच्या आधी आलेलेही नोंदी घेऊन गेले, ते गेलेच. तुम्हाला पहिल्या पाठवल्या, त्यांची साधी पोच नाही." तो कपात बघत राहिला. "दिवसभर मी आणि पक्षी. वाटायचं, पलीकडे कुणीतरी वाचत असेल..."

ती त्याच्याकडे वळली.

"मी वाचत होते. वेळ चुकीची वाचली, पण... 'वारा नाही, पक्षी बसून आहेत, मीही बसून आहे.' हे तुम्हीच लिहिलंत ना? पाठ आहे मला."

लेमायान लाजला. एवढा उंच गडी, पण कानापर्यंत लाजला! गळ्यातल्या मण्यांच्या माळेत ओवलेला पेनड्राइव्ह त्याने हळूच सोडवला. पण हात काही पुढे येईना.

"सगळं यात आहे. सगळं दिलं, तर तू परत कशाला येशील?"

"यायला... कारण लागतं?"

"मला नको," तो म्हणाला. "तुला लागत असेल, म्हणून विचारलं."

मटाटू मिनीबसवाला नैरोबी, नैरोबी म्हणून ओरडत होता. पेनड्राइव्ह घेताना बोटं बोटांत राहिली, जराशीच. त्याला कडा सुटणार नव्हता, तिला परवाच्या आत ऑफिस गाठायचं होतं. ती खिडकीशी बसली.

"पोच देशील ना?" त्याने खालून विचारलं.

"घेऊनच येईन!"

गाडी सुटली. आजवर तिला एकटीने घरी परतणं कधी जड गेलं नव्हतं. आज गेलं.